घरचा धंदा तेजीत, पण हिशेब कुठे आहे?

मंडळी, हे वाचून झालं की उठा आणि भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवा. कालनिर्णय १९७३ साली निघालं, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या किती घरांचा जमाखर्च त्याच्या चौकोनांत भरला गेला असेल, हे मोजायला कोणी बसलेलं नाही. दुधाचा अर्धा लिटर, गॅसची टाकी आली ती तारीख, गड्याची खाडे-हजेरी, शेजारणीला दिलेले दोनशे रुपये, सगळं तिथेच. संकष्टीच्या शेजारी ‘काजू ३ कि. बाकी’ असं पेनाने लिहिलेलं असतं. कोणाकडे बाकी, कशाचे तीन किलो, कुठल्या भावाने, हे लिहिणाऱ्या माणसाला त्या दिवशी पक्कं माहीत असतं. डिसेंबर संपला की कॅलेंडर उलटून त्याची पुस्तकाला कव्हरं घालतात, आणि वर्षभराचा हिशेब मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकावर जाऊन बसतो.

दूध आणि गॅस यांच्यापुरतं हे ठीक आहे. घरात धंदा सुरू झाला की ते पुरत नाही.

आणि सावर्डे पंचक्रोशीत घराघरात धंदा आहे. चिपळूण सोडून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेला आलात की सावर्डे लागतं. इथे कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, सह्याद्री शिक्षण संस्थेमुळे मुलांची वर्दळ आहे, जवळच डेरवणला हॉस्पिटल आणि शिवसृष्टी असल्याने बाहेरगावचा माणूस येता-जाता असतो. काताच्या व्यवसायामुळेही सावर्ड्याचं नाव बाहेर माहीत आहे. तो झाला कारखान्यांचा मामला. आजचा विषय मागीलदारी चालतो तो धंदा: काजूगर, आमसुलं, आगळ, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ, पापड, मसाला. गणपतीला आणि मे महिन्यात चाकरमानी आले की पिशव्या भरभरून माल मुंबईला जातो. पैसा येतो, तो दिसतोही. पण मार्गशीर्षात कोणी विचारलं, ‘‘काय गो वहिनी, यंदा सुटले किती?’’ तर उत्तर ठरलेलं. ‘‘सुटले की. घर चालतंय ना!’’

घर चालतंय हे खरं. ते धंद्यावर चालतंय, की मुंबईहून येणाऱ्या पैशावर धंदा चालतोय, एवढंच कळायला हवं.

पाचशे किलो काजूबीची गोष्ट

उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचा भाव तुम्ही घाला आणि गणित पुन्हा मांडा.

समजा, एका घरात हंगामाला पाचशे किलो काजूबी घेतली, १३० रुपये किलोने. झाले ६५ हजार. बी वाळवली, वाफवली, फोडली, गर सुकवून सोलला. हाती आला १२५ किलो गर. त्यात १०० किलो अख्खा आणि २५ किलो पाकळी-तुकडा. अख्खा गेला ८५० रुपयांनी, म्हणजे ८५ हजार. तुकडा ६०० रुपयांनी, म्हणजे १५ हजार. एकूण विक्री एक लाख. घरातलं गणित इथे थांबतं: लाखातून पासष्ट गेले, पस्तीस हजार सुटले. पेढे आणा.

आता वही उघडू. फोडायला आणि सोलायला वाडीतल्या बायका बोलावल्या होत्या. गराच्या किलोमागे सगळी मिळून ६० रुपये मजुरी धरली तर साडेसात हजार. सरपण, गॅस आणि ड्रायरची वीज अडीच हजार. पिशव्या, लेबलं आणि सीलिंगचं मिळून अडीच हजार. रिक्षा, एस.टी.चं लगेज, चिपळूणच्या फेऱ्या दोन हजार. बी घ्यायला काढलेले ६५ हजार सहा महिने कर्जाऊ राहिले, दर बारा टक्के, म्हणून व्याज ३,९००. कुकर, कटर आणि ड्रायर मिळून ६० हजारांची यंत्रं. दहा वर्षं चालतील असं धरलं तर वर्षाचा घसारा सहा हजार. बेरीज करा. २४,४०० रुपये होतात. पस्तीस हजारांतून ते वजा केले की उरतात १०,६००.

हे पैसे अजून नफा झालेले नाहीत, कारण घरच्या बाईची मजुरी यात कुठेच नाही. तिने साठ दिवस, सकाळी चुलीपासून रात्री पिशव्या सील करेपर्यंत, हातांना काजूचा चीक लावून घेऊन काम केलं. १०,६०० भागिले साठ, म्हणजे दिवसाला १७६ रुपये. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. म्हणजे दुसऱ्याच्या बांधावर खड्डे खणायला गेली असती तर जास्त मिळाले असते. वर ती तीन यंत्रांची मालकीण म्हणवते!

थांबा, एक रक्कम राहिली. टरफल. तीनशे चाळीस किलो टरफल सहा रुपये किलोने गेलं होतं, त्याचे २,०४० रुपये नवऱ्याने परस्पर घेतले आणि दुचाकीच्या टायरला घातले. ते धरले तर दिवसाला २१० रुपये पडतात. हिशेब ठेवल्याने खर्चच बाहेर येतो असं नाही, विसरलेली मिळकतही येते. म्हणूनच काही घरांत वही ठेवायला विरोध होत असावा, अशी मला दाट शंका आहे.

आता हे वाचून कोणी धंदा बंद करू नका. उलट, १०,६०० चा आकडा हाती आल्यावर विचाराला सुरुवात होते. ६५ हजारांची बी आणि २४,४०० चा खर्च मिळून ८९,४००. भागिले १२५. म्हणजे बाईची मजुरी न धरताच किलोला ७१५ रुपये पडले. आणि आपण पाव्हण्याला ‘तुमच्याकडून काय घ्यायचं’ म्हणत सातशेने देत असतो. तो माल तोट्यात गेला, आणि गेला तो हसतमुखाने.

दुसरी गोष्ट उताऱ्याची. शंभर किलो बीला गर किती पडला, हे प्रत्येक खेपेला वेगळं लिहून ठेवा. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या विद्यापीठाच्या जातींचा उतारा तीस टक्क्यांच्या वर सांगितला आहे. आपल्या घरी ओली-सुकी, किडकी-पोकळ, गावठी-कलमी सगळी बी एकत्र येते, म्हणून तो खाली येतो. पण कोणाच्या बागेतल्या बीने उतारा खाली आणला? वहीत खेप वेगळी लिहिली असेल तरच सांगता येईल. पुढच्या हंगामात त्या बीला पाच रुपये कमी द्यायचे की नको म्हणायचं, हे तोंडी भांडणाने ठरत नाही. ‘‘तुझी साठ किलो बी, गर पडला तेरा किलो’’ असं वहीतून वाचून दाखवलं की समोरचा गप्प बसतो, निदान थोडा वेळ तरी.

घरचा डबा, धंद्याचा डबा

घरगुती धंद्यात पैसा चोरीला जातो तो बाहेरच्या माणसाकडून नव्हे. देव्हाऱ्याखालच्या एकाच डब्यात विक्रीचे पैसे, भाताचे पैसे, मुलाने पाठवलेले आणि हळदीकुंकवाचे, सगळे एकत्र पडतात. त्यातूनच मिठाची गोण येते आणि त्यातूनच मुलीच्या कॉलेजची फी जाते. मग कशाचे किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

दोन डबे करा. धंद्याच्या डब्यातून घरासाठी पैसे घ्यायला काही हरकत नाही, धंदा घरासाठीच आहे. फक्त घेतले की लिहायचं: ‘घरखर्चास नावे ५००’. घरात खायला काढलेला मालही लिहायचा. आलेल्या माहेरवाशिणीच्या पिशवीत घातलेला अर्धा किलो गर लिहायचा. यात कंजूषपणा कसला? द्यायचं ते द्याच, पण वर्षाअखेर आकडा समोर येऊ द्या. ‘धंद्यात काही राहत नाही’ असं म्हणणाऱ्या कितीतरी घरांत धंदा बरा चाललेला असतो. तो घरानेच खाल्लेला असतो, इतकंच. आणि खाल्लं ते चांगलं झालं की वाईट, हे तुमच्या घरात तुम्ही ठरवा.

यातच नवीन गुंता आला आहे तो मोबाइलचा. २०१६ नंतर फोनवरून पैसे घ्यायची सोय झाली. आता स्टेशनवर उतरलेला मुंबईकर दोनशे रुपयांच्या आमसुलांनाही चौकोन स्कॅन करतो. सोय झाली यात वाद नाही. पण तो चौकोन कोणाच्या खात्याचा आहे? पुष्कळ ठिकाणी तो मुंबईच्या मुलाच्या खात्याचा असतो, कारण फोन त्याने घेऊन दिला आणि सगळी खटपट त्यानेच केली. विक्री सावर्ड्यात होते आणि पैसे जमा होतात नालासोपाऱ्याच्या खात्यात. मुलगा प्रामाणिक आहे, महिन्याला पैसे पाठवतो. पण पाठवलेले पैसे विक्रीचे, की आईला दिलेले? त्याची बायको विचारील त्या दिवशी उत्तर काय देणार? चौकोन धंदा करणाऱ्या माणसाच्या नावाच्या खात्याचा असावा, आणि जमल्यास ते खातं धंद्यापुरतंच असावं. फोनवर आलेले पैसेही वहीत त्याच दिवशी चढवायचे, पुढे ‘फोन’ असं लिहून. ‘मोबाइलमध्ये दिसतात ना’ म्हणून सोडायचे नाहीत. मोबाइलला रक्कम दिसते, ती आगळाची की पापडाची ते त्याला कळत नाही.

मुलाचं निघालंच आहे तर आणखी एक. यंत्राला त्याने साठ हजार दिले असतील तर ते कसे दिले, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. उसने, भांडवल म्हणून, की आईला भेट? आज हसाल. पुढे दोन भावांत घराची वाटणी निघते, तेव्हा मागीलदारचा ड्रायर कोणाचा यावर चार-चार वर्षं बोलणं बंद झालेली घरं तुमच्याही ओळखीत असतील.

वह्या किती आणि लिहायचं काय?

तीन वह्या पुरतात. हिशेबाचं शास्त्र मोठं आहे, पण मागीलदारच्या धंद्याला ताळेबंदाचं पुस्तक घेऊन बसायची गरज नाही.

पहिली रोजकीर्द. आपल्या वाडवडिलांचा हा शब्द आहे आणि तो अजून चांगला चालतो. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे. वर सकाळची शिल्लक, खाली संध्याकाळची. समजा १२ मे. सकाळची शिल्लक १,८४०. दोन किलो गर रोखीने विकला, जमा १,७००. पिशव्या आणल्या ३६०, रिक्षा १२०, घरखर्चास ५००, म्हणजे नावे ९८०. संध्याकाळी शिल्लक पाहिजे २,५६०. आता डबा मोजायचा. डब्यात निघाले २,५१०. पन्नास कुठे गेले? आठवलं तर लिहा. नाही आठवलं तर ‘तूट ५०’ असं सरळ लिहा आणि दुसऱ्या दिवशी २,५१० वरून सुरू करा. हिशेब जुळवण्यासाठी खोटा खर्च घालू नका. इथेच बरेच जण कंटाळतात. पन्नास रुपये जुळत नाहीत म्हणून वही बाजूला टाकतात. अहो, तूट लिहिलेली वही ही चांगली वही आहे. बारा महिन्यांत एकदाही तूट नसलेली वही बँकेचा साहेब बघतो तेव्हा तो मनात काय म्हणतो, ते त्याला विचारून बघा.

चुकलं तर एक रेघ मारा, वर बरोबर आकडा लिहा, बाजूला सही करा. खाडाखोड नको, खोडरबर नको, पान फाडणं तर मुळीच नको. पेन्सिलीने लिहू नका. पानांना आधीच नंबर घाला.

आणि लिहायचं त्याच दिवशी. दिवा लागला, जेवणं झाली, भांडी घासायच्या आधी पाच मिनिटं. ‘रविवारी सगळं एकदम लिहीन’ म्हणणाऱ्याची वही मी आजवर पूर्ण झालेली पाहिलेली नाही. माझी स्वतःचीही नाही.

दुसरी वही उधारीची. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान, त्याला खतावणी म्हणा. मुंबईकर ‘गणपतीत देतो’ म्हणून नेतात, हमरस्त्यावरचे हॉटेलवाले ‘विकलं की देतो’ म्हणून ठेवून घेतात. हे दोन प्रकार वेगळे आहेत. पहिला विकलेला माल, पैसे यायचे. दुसरा ठेवायला दिलेला माल, तो अजून तुमचाच आहे. उन्हाने पोळी चिकटली किंवा मुंग्या लागल्या तर तो तुमच्याकडेच परत यायचा. म्हणून दुसऱ्या प्रकारात माल ठेवताना दोन ओळींची चिठ्ठी करा: तारीख, नग, भाव, परतीची मुदत. खाली दुकानदाराची सही. एक प्रत त्याला, एक आपल्याला.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. आईने फणसपोळीची पाकिटं एका दुकानात ठेवली होती. आमच्या हिशेबाने साठ, दुकानदाराच्या हिशेबाने चाळीस. आई म्हणे, मी स्वतः मोजून पिशवीत भरली. तो म्हणे, काकी, मी स्वतः मोजून उतरवून घेतली. दोघंही खरं बोलत असतील, मधे रिक्षा होती. कागद कोणाकडेच नव्हता. वीस पाकिटांचे पैसे गेले ते गेलेच, पण जुनी ओळख होती, तीही गेली. पुढे आई त्या रस्त्याने जाताना पलीकडच्या कडेने चालायची. चिठ्ठीला किती कागद लागला असता?

तिसरी वही मालाची. आला किती, गेला किती, शिल्लक किती. आमसूल-आगळाच्या धंद्यात ही वही सर्वांत महत्त्वाची, कारण रातांबे येतात एप्रिल-मेपासून पावसाला सुरुवात होईपर्यंत आणि विक्री चालते वर्षभर. जूनमध्ये डबा रिकामा आणि पिंपं भरलेली असतात. रोजकीर्द बघितली तर धंदा बुडाला असं वाटेल. मालाची वही बघितली तर पैसा पिंपात उभा आहे हे कळेल. काजूतही ओली बी वाळल्यावर वजन घटतं, ती घट लिहायची. नाहीतर पाचशे किलो बी घेतली आणि फोडायला साडेचारशेच भरली, मग संशय जातो बिचाऱ्या कामाच्या बायकांवर.

पावत्यांसाठी एक तारेचा आकडा पुरतो. दुकानात पूर्वी असायचा तसा, एकावर एक टोचत जायच्या. महिना संपला की सुतळीने बांधून पाकिटात.

वही कोणाच्या हातात?

हिशेबाची वही हे शेठ-सावकाराचं काम, आपल्याला ते काय जमणार, असं आपल्याकडे खोल बसलेलं आहे. त्याला इतिहास आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले आणि सावकारांच्या घरांतून दस्तऐवज आणि हिशेबाच्या वह्या बाहेर काढून त्यांनी जाळल्या. पुढे नगर जिल्ह्यातही हे लोण गेलं. इतिहासाच्या पुस्तकात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून एक परिच्छेद असतो, तो हाच. लोकांचा राग मुख्यतः वह्यांवर निघाला, कारण त्या वहीत काय लिहिलंय हे कुळाला कधी कळलंच नव्हतं. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यातली एक तरतूद फारशी सांगितली जात नाही. पैसे भरल्याची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला त्यात दिला होता. तो कायदा होता घाटावरच्या चार जिल्ह्यांसाठी, आपल्या रत्नागिरीसाठी नव्हता. आपल्याकडे कथा निराळी: मुंबईहून मनीऑर्डर यायची आणि पोस्टमन सांगेल तिथे अंगठा उठायचा.

आज आपल्या घरच्या बायकांना लिहिता येतं, बेरीज येते, मोबाइलमध्ये गणकयंत्र आहे. तरी वही ठेवायची म्हटली की ‘‘ह्यांना विचारते’’. ज्या बाईने गर फोडला तिनेच वही लिहावी असं माझं स्पष्ट मत आहे. नवऱ्याने किंवा मुलाने महिन्याला एकदा बेरजा तपासाव्यात, जरूर. पण पेन तिच्या हातात.

बचत गटांनी हे दाखवून दिलेलं आहे. १९९२ साली नाबार्डने गट-बँक जोडणीचा प्रयोग सुरू केला. २०११ पासून ‘उमेद’ अभियानाने गटांना पंचसूत्री दिली: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. पाचवं सूत्र बैठकीत सर्वांत घाईने उरकलं जातं, ‘सह्या करा गो, उशीर झाला’ म्हणून. आणि गट फुटतो तो बहुतेक वेळा त्याच जागी. कोषाध्यक्ष बाई प्रामाणिक असते, पण तिने तीन महिने वही लिहिलेली नसते. मग वाडीत कुजबुज सुरू होते, आणि ती बाई घराबाहेर पडायची बंद होते. तिने काही खाल्लेलं नसतं. तिला ते दाखवून देता येत नाही. गटाची वही बैठकीतच, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचत लिहा. घरी नेऊन लिहू नका.

गटामार्फत धंदा करत असाल तर गटाची वही वेगळी आणि धंद्याची वेगळी. पापडाच्या पिठाचे पैसे बचतीतून दिले आणि पापडाचे पैसे बचतीत टाकले की दोन्ही वह्या आंधळ्या होतात.

बँकेच्या दारात

कर्ज मागायला गेलं की मॅनेजर पहिला प्रश्न विचारतो, वर्षाची विक्री किती? ‘चांगली आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही. मुद्रा योजना २०१५ साली आली, तिच्यात पन्नास हजारांपर्यंतचं ‘शिशु’ कर्ज आहे. २०२० साली अन्नप्रक्रिया करणाऱ्या छोट्या उद्योगांसाठी केंद्राची योजना आली, तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख रुपये, कर्जाला जोडून अनुदान ठेवलेलं होतं. या वर्षी कोणती योजना कशा स्वरूपात चालू आहे, ते तालुका कृषी कार्यालयात जाऊनच विचारा, वर्तमानपत्रातल्या लेखावर विसंबू नका, या लेखावरही नाही. पण योजना कोणतीही असो, बँक कागद मागते. दोन वर्षांची रोजकीर्द, खात्याचा उतारा आणि खरेदीच्या पावत्या टेबलावर ठेवल्या की बोलणं बदलतं. कर्ज मिळेलच असं मी म्हणत नाही. पण किती मागायचं हे तरी तुम्हाला कळलेलं असेल. ज्याचा धंदा वर्षाला साठ हजारांची बी फिरवतो त्याने पाच लाखांचं यंत्र घ्यावं का, हे मॅनेजरच्या आधी वहीने सांगितलेलं बरं. अनुदानाच्या नादाने घेतलेली यंत्रं पडवीत प्लॅस्टिक पांघरून उभी असलेली आपण पाहतो. हप्ता पूर्ण रकमेचा चालू असतो.

कराची भीती घालणारेही भेटतात. ‘‘लिहिलंत की सरकारला कळतं.’’ राज्यातल्या राज्यात मालाची विक्री करणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. लाखाची विक्री आणि चाळीस लाखांची भीती, यात अंतर किती ते बघा. उलट उद्या कोणी विचारलंच, तर आपण मर्यादेच्या आत आहोत हे दाखवायला तीच वही उपयोगी पडेल.

वही ठेवायची जागाही विचार करून ठरवा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा माळ्यापर्यंत चिखल गेलेली दुकानं आपण सगळ्यांनी पाहिली. मालाबरोबर दप्तरंही गेली. कोणाकडे किती येणं होतं ते लगद्यात गेलं. म्हणून महिना संपला की त्या महिन्याच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा आणि मुंबईच्या मुलाला पाठवून ठेवा. चौकोन त्याच्या नावाचा नको म्हटलं, पण फोटो ठेवायला तो उत्तम. वाळवी आणि पावसाळी बुरशीही लक्षात घ्या. कोकणात कागदाला चार महिने शत्रूच असतात.

गावच्या कारभाऱ्यांना दोन शब्द

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) आणि उमेदच्या ताई, तुम्हाला वेगळं सांगायला हवं असं नाही. ग्रामपंचायतीचं दप्तर नमुना १ ते ३३ चं आहे, त्यातला नमुना ५ ही रोकड वहीच. वर्षाला एकदा ती तपासली जाते म्हणून तरी लिहिली जाते. घरच्या धंद्याची वही तपासायला कोणी येत नाही, अडचण तिथेच आहे. महिला ग्रामसभेला भाषणं बरीच होतात. त्यातला अर्धा तास काढून फळ्यावर एका दिवसाची रोजकीर्द लिहून दाखवा, १२ मेची वर दिली तशी. जवळच खरवते-दहिवलीला कृषी महाविद्यालय आहे. गावात कामाला आलेल्या विद्यार्थ्यांकडून पिकांच्या माहितीबरोबर पाच घरांचे उतारे आणि किलोमागचा खर्च काढून घ्या. विद्यार्थ्यांनाही शिकायला मिळेल आणि गावाला स्वतःचा आकडा मिळेल. नाहीतर आपण घाटावरचे आकडे वाचत बसतो.

आणि ते आकडे गावात उघडपणे बोलले गेले, तर एकच बाई भाव पाडते आणि बाकीच्या दहा जणींना त्याच भावाला विकावं लागतं, हा प्रकारही थोडा आटोक्यात येईल. भाव पाडणारीला बहुधा माहीतच नसतं की ती तोट्यात विकते आहे.

सुरुवात कधी करायची, असं पत्रातून विचारणारे असतात. काही जण पाडव्याची वाट बघतात, काही लक्ष्मीपूजनाची, शिकलेले एक एप्रिलची. आज कुठलाही वार असो, रात्री डबा मोजा. जेवढे निघतील तेवढे पहिल्या ओळीत ‘शिल्लक’ म्हणून लिहा. खाली पिंपात, डब्यात, पोत्यात असलेला माल वजन करून लिहा. अंदाजाने नको, काटा लावून. कोणाकडून किती यायचे आणि कोणाला किती द्यायचे ते आठवेल तेवढं लिहा. जे आठवणार नाही, त्यासाठी एक पान कोरं सोडा. ते येत्या आठ-पंधरा दिवसांत आपोआप भरत जाईल. उसने नेणारे नाही, पण देणेकरी आठवण करून द्यायला येतातच.

दोनशे पानी वही घ्या, पुठ्ठ्याची. काजूच्या हंगामाला पहिली बी दारात येईल तेव्हा घमेल्यात ओतून घेण्याआधी तीच वही काट्याशेजारी ठेवा, आणि कोणाची बी, किती किलो, ओली की वाळलेली, एवढं तिथल्या तिथे लिहा.